टिचकीच्या बाबाचा वर्गातला आठवडा

त्याला एका जागी बसवत नसे, आणि नशिबाने त्याला काम मिळालं ते दिवसभर एका जागी बसायचं. बांधकामावरच्या उंच क्रेनच्या केबिनमध्ये, जमिनीपासून पन्नास मीटर वर. एक खुर्ची, क्रेन हलवायचे दोन दांडे, समोर काच आणि पायाखालीही काच. सकाळी साडेसहाला शिडीने वर चढायचं ते संध्याकाळीच उतरायचं. डबा, पाण्याची बाटली आणि जिच्याबद्दल कुणी बोलत नाही अशी दुसरी एक रिकामी बाटली, एवढं घेऊन तो वर जाई. लहानपणी त्याची आई त्याला चुळबुळ्या म्हणायची. साइटवर ते नाव कसं पोचलं कुणास ठाऊक, पण वॉकीटॉकीवरही तेच चाले. "चुळबुळ्या, सळया उचल." "चुळबुळ्या, हळू, भिंतीला लागेल." त्याचे हात दांड्यांवर अगदी स्थिर असत, त्यात कधी चूक नाही. गुडघे मात्र सारखे हलत.

क्रेनवर येण्याआधी त्याने पाच-सहा नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या होत्या. गोदामात लागला, तिथे मुकादम डोक्यावर बसायचा म्हणून सोडलं. टपाल वाटलं, गाड्या धुतल्या, एका छापखान्यात कागद मोजले. कुठेच जीव रमला नाही. क्रेनवर मात्र अकरा वर्षं टिकला. वर कुणी येत नाही, कुणी काही विचारत नाही. खालून हाताची खूण येते, आपण ती पाळायची, संपलं.

त्याची बायको हॉस्पिटलच्या धुलाईघरात रात्रपाळी करी. तो सहाला घर सोडी, ती साडेसातला घरी येई. मधला दीड तास शेजारच्या काकू मुलीजवळ बसत. नऊला बायको मुलीला बालवाडीत सोडायची, येऊन झोपायची, एकला पुन्हा आणायला जायची. तो सातला घरी यायचा तेव्हा बायको निघायच्या तयारीत आणि मुलगी अर्धी झोपेत. दाराशी उभ्याउभ्या दोघांचं काय बोलणं व्हायचं तेवढंच. "गॅस संपत आलाय." "उद्या पाणी उशिरा येणारे." "तिचं नाक वाहतंय, बघा जरा."

मुलीला सगळे टिचकी म्हणत. साडेचार वर्षांची, अंगाने काडी, चालायची ती टाचा उचलून.

त्या वर्षी त्याला नवी साइट मिळाली आणि पहिल्याच दिवशी वर चढून त्याने खाली पाहिलं, तर कुंपणाच्या पत्र्यापलीकडे टिचकीची बालवाडी! लांबट, बसकं छप्पर, मागे अंगण, झोपाळ्याची लोखंडी चौकट, कोपऱ्यात सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसवलेली पाण्याची टाकी. त्याला भलताच आनंद झाला. लेक डोळ्यांसमोर राहणार! घरी येऊन त्याने तिला सांगितलंही, "ती पिवळी क्रेन बघितलीस? त्यात मी असतो."

साडेदहाला मुलं अंगणात सुटायची. पन्नास मीटरवरून तोंड कुणाचं दिसत नाही, पण चाल दिसते. टाचा उचलून चालणारी एकच. सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी ती टाकीजवळच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. तिसऱ्या दिवशीही तेच. बाकीची पोरं झोपाळ्यावर, वाळूत, एकमेकांच्या अंगावर. ही एकटी कोपऱ्यात. अर्धा तास. मग घंटा झाली की आत.

आठवडा गेला, दुसरा गेला. त्याचा जीव थाऱ्यावर राहीना. साडेदहा वाजायला आले की तो सारखं घड्याळ बघायचा. हुकाला सळयांचा भारा लटकलेला असताना डोळा पत्र्यापलीकडे जायचा. एकदा खालचा सिग्नलवाला ओरडलाच, "चुळबुळ्या, कुठं बघतोस? इकडं बघ!"

त्याने टिचकीला विचारलं, "आज कुणाशी खेळलीस?"

"कुणाशी नाही."

"का गं?"

"असंच."

एका संध्याकाळी त्याने दाराशी बायकोला गाठलं. "ती तिथं एकटी उभी राहते. रोज. तुला माहितीये का?"

बायको चपला घालता घालता थांबली. "मला सगळं माहितीये. ती चावते. आतापर्यंत तिघांना चावलीये. म्हणून मुलं तिच्याजवळ जात नाहीत."

"चावते? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुम्ही कधी विचारलंत?" बायको म्हणाली. "ताईंची चिठ्ठी आली होती, दोघांनी मिळून या म्हणून. तुम्ही सही केलीत तिच्यावर. वाचलीत का?"

त्याला आठवेना. सही केली असेल. बायको जे समोर धरी त्यावर तो सही करी. तिला घाई, त्याला झोप. बालवाडीत एक योजना होती, हेही त्याला त्या दिवशी कळलं. दर महिन्याला प्रत्येक घरातल्या कुणीतरी वर्गात येऊन अर्धा तास बसायचं, मुलांबरोबर काहीतरी करायचं. दोन वर्षं आपल्या घरची पाळी बायको एकटी भरत होती. रात्रभर चादरी पिळून आल्यावर.

"मग मी काय करू? सहाला जातो मी," तो म्हणाला.

"मी कुठं काय म्हणतेय," बायको म्हणाली आणि गेली. हे तिचं 'काही म्हणत नाही' त्याला दिवसभर शिव्या खाण्यापेक्षा जास्त लागलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी ते झालं.

सातव्या मजल्याचा स्लॅब भरायचा होता. मिक्सर गाडी खाली उभी होती, तो काँक्रीटची बादली वर-खाली करत होता. साडेदहा वाजले. मुलं बाहेर आली, टिचकी टाकीजवळ गेली. त्याने बादली उतरवली, पुन्हा खाली पाहिलं, आणि त्याला दिसलं की बालवाडीच्या ताई अंगणातून धावत आल्या, त्यांनी टिचकीच्या दंडाला धरलं आणि तिला ओढलं. टिचकी गुडघ्यांवर पडली. ताईंनी तिला तसंच फरफटत दोन पावलं नेलं, मग काखोटीला मारून आत नेलं आणि दार लावून घेतलं.

तळपायाची आग मस्तकात गेली. तरी हात शहाणे होते. त्यांनी रिकामी बादली जमिनीवर टेकवली, हुक मोकळा करायला लावला, तो वर घेतला, क्रेनचा लांब दांडा वाऱ्याबरोबर फिरावा म्हणून मोकळा सोडला, यंत्र बंद केलं. एवढं सगळं नियमाने केलं. नियमाने केलं नाही ते एकच, वॉकीटॉकीवर कुणालाही न सांगता तो शिडी उतरू लागला. एवढी लांब शिडी उतरायला एरवी दहा मिनिटं लागत. त्या दिवशी किती लागली ते त्यालाच माहीत नाही. खाली पोचला तेव्हा तळहाताची सालटी निघाली होती आणि मिक्सरवाला हात पसरून विचारत होता, "अरे, माझा माल सुकतोय, चाललास कुठं?"

बालवाडीच्या फाटकाशी मावशी बसल्या होत्या. मुलांचे हात-पाय धुणाऱ्या, नाकं पुसणाऱ्या, दारावर लक्ष ठेवणाऱ्या. त्यांनी खराटा आडवा धरला.

"कोण तुम्ही?"

"टिचकीचा बाबा."

मावशींनी त्याला हेल्मेटपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "टिचकीला बाबा आहेत होय," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

तो खराटा बाजूला सारून आत घुसला. वर्गात वीस-बावीस पोरं भिंतीला टेकून चिडीचूप बसली होती. मधोमध चटईवर टिचकी, गुडघा खरचटलेला, आणि तिच्यापुढे ताई. पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.

"माझ्या मुलीला हात लावलातच कसा?" तो एवढ्याने ओरडला की एक पोरगं रडायलाच लागलं. "मी वरून सगळं पाहिलंय! ओढत नेलंत तिला! जनावर आहे का ती? चल गं टिचकी, घरी चल!"

त्याने टिचकीचं मनगट धरून तिला उठवलं. टिचकीने हिसका दिला. त्याने आणखी घट्ट धरलं. मग टिचकी वाकली आणि त्याच्या हाताला कडकडून चावली.

तो इतका चकित झाला की त्याने हात सोडून दिला. मनगटावर बारीक दातांचा गोल उमटला होता. वर्गातल्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. आता हा माणूस काय करतो ते त्यांना बघायचं होतं.

"बसा," ताई म्हणाल्या. "मुलं घाबरलीत. आधी बसा."

बसायला गुडघ्याएवढ्या उंचीची खुर्ची होती. तो बसला. तेव्हा त्याला ताईंचा उजवा हात दिसला. बोटांपासून मनगटापर्यंत सुजून टम्म झालेला, लाल.

"टाकीखाली गांधीलमाश्यांचं पोळं आहे," ताई म्हणाल्या. "आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. हिने काडी घातली त्यात. मी पोचले तेव्हा माश्या उठल्या होत्या. तिला एकही चावली नाही. मला तिघी चावल्या."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने हेल्मेट काढून मांडीवर घेतलं आणि त्याचा पट्टा ओढत राहिला.

"पण ती तिथं का उभी राहते?" शेवटी त्याने विचारलं. "रोज. एकटी."

ताईंनी टिचकीकडे पाहिलं. टिचकी फुरंगटून बसली होती. "बाबा, तू खाली का आलास?" ती म्हणाली. "तिथनं क्रेन दिसते. मी बघत होते ना. तू बंद केलीस!"

*

साइटवर परत गेला तेव्हा साहेब, म्हणजे साइटचा इंजिनियर, खालीच उभा होता. मिक्सरमधलं काँक्रीट फेकून द्यावं लागलं होतं, स्लॅब अर्धा राहिला होता. साहेबाने आवाज चढवला नाही. "माणसं मरतात अशाने," एवढंच म्हणाला. "आठवडाभर घरी बस. मग बघू तुला ठेवायचं की नाही."

संध्याकाळी त्याने बायकोला झालेलं सगळं सांगितलं. नोकरीचं ऐकत ती पिशवी भरत राहिली. ताईंचं ऐकून मात्र तिचा चेहरा उतरला. "तुम्ही त्यांच्यावर ओरडलात? मुलांसमोर? अहो, ही चावायला लागली तेव्हा दोन घरांनी सांगितलं, हिला काढून टाका. ताईंनी ऐकलं नाही कुणाचं. उद्या जाऊन पाया पडा त्यांच्या."

तो गेला. टिचकीला सोडायला तो जातोय हे बघून काकूंनी खिडकीतून मान बाहेर काढली. बालवाडीत मावशींनी या वेळी खराटा आडवा धरला नाही. ताईंच्या हाताला पट्टी होती. त्याने रात्रभर घोकलेली माफी एका दमात म्हणून टाकली.

"असू दे," ताई म्हणाल्या. "तुम्हाला काय काम आहे आज?"

"काही नाही. आठवडाभर काही नाही."

"मग बसा इथंच. मला कात्री धरता येत नाहीये, आणि चोवीस मासे कापायचेत."

त्याला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांनी कागदांचा गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला आणि मुलांकडे वळल्या. जाता जाता म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, मी घरच्यांना बोलावतेय. चोवीस घरं. आल्या त्या आयाच. एक आजोबा आले होते, त्यांनी फळ्यावरच्या माझ्या चुका काढल्या आणि गेले. मला मुलं कळतात हो. पण चार तास मी बघते, उरलेले वीस तास त्यांचं काय चालतं ते मला कोण सांगणार?"

पहिला दिवस वाईट गेला. टनाचं ओझं केसभर न हलवता ठेवणाऱ्या त्या हातांना कागदाचा मासा जमेना. शेपट्या तुटल्या. शेजारी बसलेली एक गोबरी मुलगी प्रत्येक मासा उचलून बघायची आणि म्हणायची, "हा मेला." गुडघे खुर्चीत मावेनात, आणि हलायला लागले की टेबल हलायचं, टेबल हललं की रंगाच्या वाट्या सांडायच्या. तो दर पाच मिनिटांनी उठून दाराशी जायचा, परत यायचा. पत्र्यापलीकडे क्रेन फिरत होती. दुसऱ्याच कुणाच्या तरी हाताने. दांडा किंचित झटक्याने थांबत होता ते त्याला इथूनही कळत होतं.

आणि टिचकी! बाबा वर्गात आहे म्हटल्यावर ती त्याच्या मांडीवरून उतरेना. कुणी जवळ आलं की "माझा बाबा" म्हणून ढकलायची. दुपारपर्यंत तिने एकाला ओरबाडलं. त्याने कानकोंडं होऊन ताईंना म्हटलं, "मी आलो तर आणखीच बिघडलं. जाऊ का मी?"

"उद्या या," ताई म्हणाल्या. "आणि उद्या तिच्याकडे बघू नका. दुसऱ्यांशी खेळा."

दुसऱ्या दिवशी त्याने तसं केलं. म्हणजे करायचा प्रयत्न केला. आपलं पोर कोपऱ्यात रुसून बसलंय आणि आपण परक्या पोराला बूट घालून देतोय, याने जीव नुसता कासावीस झाला. अकरा वर्षं वरून बघायची सवय. सगळं दिसतं पण काही लागत नाही. इथे सगळं अंगाला लागत होतं. शेंबूड, रंग, रडं, प्रश्न. "तुम्ही वर शू कुठं करता?" हा प्रश्न सहा जणांनी सहा वेळा विचारला. सातव्यांदा त्याने खरं उत्तर दिलं आणि वर्ग पाच मिनिटं हसत लोळला. ताईही.

तिसऱ्या दिवशी अंगणात त्याला बसवेना म्हणून त्याने एक उद्योग काढला. मावशींकडून दोर मागून घेतला, झोपाळ्याच्या चौकटीवरून टाकला, टोकाला वाळूची प्लास्टिकची बादली बांधली. दुसरं टोक आपल्या हातात. (टाकीखालचं पोळं तोवर माणसं बोलावून काढून घेतलं होतं.)

"मी क्रेन," त्याने सांगितलं. "क्रेनला कान नसतात. खालच्या माणसाने हाताने सांगायचं." त्याने खुणा दाखवल्या. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की उतरव. हात आडवा पसरला, तळवा जमिनीकडे, की थांब.

"आणि एक लक्षात ठेवा. उचल आणि उतरव ही खूण एकानेच करायची, ज्याची पाळी असेल त्याने. पण थांब ही खूण कुणीही करू शकतं. साहेबाने केली तरी थांबायचं, झाडूवाल्याने केली तरी थांबायचं. का, ते विचारायचं नाही. आधी थांबायचं."

पोरांची रांग लागली. सगळ्यांना उचल करायचं होतं. बादली वर गेली, खाली आली, वाळू सांडली, हसून हसून सगळे बेजार. टिचकी लांबून बघत होती. मग टाचा उचलत जवळ आली. रांगेत उभी राहिली नाही. बाजूला थांबून तिने हात आडवा पसरला.

तो थांबला. बादली अर्ध्यावर लटकत राहिली.

टिचकी त्याच्याकडे बघत होती. तोही तिच्याकडे बघत होता. रांगेतली मुलं ओरडली, "चला ना, चला ना." तो हलला नाही. दोराने तळहाताच्या सोललेल्या जागी आग होत होती. टिचकीने हात तसाच धरला होता, खांदा थरथरायला लागला तरी. मिनिट झालं असेल, दोन झाली असतील. हिच्या सांगण्यावरून आपण याआधी कधी थांबलो होतो, हे त्याने आठवून पाहिलं. दूध नको म्हणाली, पाजलं. झोप नाही म्हणाली, दिवा घालवला. त्या दिवशी तर मनगट धरून ओढलंच. प्रेमानेच की सगळं. पण थांबलो कधी?

टिचकीने हात खाली घेतला. "आता उचल," ती म्हणाली आणि बोट फिरवलं.

चौथ्या दिवशी मातीकामाच्या वेळी एका मुलाने टिचकीचा गोळा उचलला. तिचं तोंड उघडलं, दात दिसले. त्याने खुर्चीची कड घट्ट धरली. मग तिने हात आडवा पसरला. तो मुलगा कालच्या खेळात होता. तो थांबला. गोळा परत दिला नाही, पण थांबला, आणि तेवढ्या वेळात ताई पोचल्या.

सगळं एका फटक्यात सुधारलं असं मात्र कुणी समजू नये. पाचव्या दिवशी ती चावलीच, त्या गोबऱ्या मुलीला, दंडावर. तिची आई न्यायला आली तेव्हा टिचकीच्या बाबाने स्वतः पुढे होऊन सांगितलं. त्या बाईने त्याला चार गोष्टी सुनावल्या. त्याने ऐकून घेतल्या. वर क्रेनमध्ये कुणी सुनावत नसे. ऐकून घ्यायची सवय त्याला नव्हती. पण उठून गेला नाही.

*

त्याच दिवशी ताईंनी त्याला सांगितलं, "उद्या पालकांची सभा आहे. तुम्ही बोला दोन शब्द. एक बाबा आले की बाकीचे बाबा येतील."

तो घरी आला तो हवेतच. बायको नुकतीच झोपून उठली होती, डोळे चुरचुरत होते. तो खुर्चीवर बसून, उठून, पुन्हा बसून तिला सांगत सुटला. दोर, बादली, खुणा, आता सभेत बोलायचंय, ताई म्हणाल्या असे बाबा मी पाहिले नाहीत.

बायकोने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दोन वर्षं मी जातेय तिथं. माझ्यासाठी कुणी सभा नाही बोलावली."

"तसं नाही गं—"

"तसंच आहे. रात्रभर उभं राहून यायचं, तिला न्यायचं, पाळीच्या दिवशी त्या खुर्चीत बसायचं. एकदा मला डुलकी लागली. पोरं हसली, आणि मागं उभ्या असलेल्या दोन आयाही हसल्या. मी घरी येऊन रडले. तुम्हाला सांगणार कधी? दाराशी?" तिने केस बांधले, सोडले, पुन्हा बांधले. "तुम्ही पाच दिवस गेलात, तर देव झालात."

त्याचे गुडघे हलायचे थांबले होते, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. तो म्हणाला, "मग उद्या तू बोल."

"मी काय बोलू?"

"हेच."

सभा रविवारी दुपारी होती. बावीस-तेवीस माणसं, त्यात पुरुष चार, सगळे भिंतीला चिकटून. ताईंनी टिचकीच्या बाबांचं नाव घेतलं. तो उठला, म्हणाला, "मी आठवडाच आलोय. हिला दोन वर्षं झाली. हिला बोलू द्या," आणि बसला. बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की घरी गेल्यावर काही खरं नाही. पण उठली.

  ती म्हणाली, "ताई, तुमची अर्ध्या तासाची वेळ दहाची आहे. दहाला माझा दिवस संपलेला असतो. ह्यांच्या कामाचा तेव्हा भर असतो. इथे बसलेल्यांत किती जणांना दहाची वेळ जमते? जमत नाही म्हणून येत नाहीत, आणि येत नाहीत म्हणून तुम्हाला वाटतं, घरच्यांना पडलेली नाही. पडलेली आहे. आम्हाला कुणी विचारलंच नाही, तुम्हाला कधी जमेल."

 ताईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, गळ्यात सोडला, पुन्हा चढवला. त्या दुखावल्या होत्या, ते दिसत होतं. दोन वर्षं जीव तोडून केलेल्या गोष्टीत खोट निघाली की कुणालाही लागतं. पण त्यांनी फळ्याजवळ जाऊन डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं: 'कोणाला कधी?' आणि खडू खाली न ठेवता वळल्या.

"सांगा," त्या म्हणाल्या.

भिंतीला चिकटलेल्यांपैकी एक बस चालवणारा होता. तो म्हणाला, मला साडेआठला जमेल, दार लवकर उघडाल तर. एक आजी म्हणाल्या, मला कधीही जमतं, पण वाचता येत नाही, चालेल का? गोबऱ्या मुलीची आई म्हणाली, मला यायला जमणारच नाही, पण वही पाठवा, मी रोज लिहीन घरी काय झालं ते. फळा भरला. ताई पुसत नव्हत्या, कडेकडेने लिहीत गेल्या.

घरी जाताना बायको दोन पावलं पुढे चालत होती. "मला न विचारता उभं केलंत," ती म्हणाली. रागावली होती खरी, पण चाल मात्र हलकी होती.

साहेबाने त्याला ठेवून घेतलं. दुसरा ऑपरेटर दांडा झटक्याने थांबवतो, हे त्याच्याही लक्षात आलं होतं. त्याने साहेबाकडे एक मागणं घातलं: महिन्यातून दोन दिवस सकाळी नऊला वर चढेन, संध्याकाळी भरून देईन. साहेब म्हणाला, एक दिवस. तो म्हणाला, बरं. त्या एका दिवशी दार लवकर उघडलं की तो आणि बसवाला त्या छोट्या खुर्च्यांत बसून पोरांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत. बसवाल्याचंही कात्रीशी जमत नसे. टिचकीने चावणं सोडलं ते कधी, हे नेमकं कुणालाच सांगता येणार नाही. एक दिवस ताईंच्या लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत चावलेल्या जागी लावायचं मलम काढलेलं नाही.

पुढच्या वर्षी ती मोठ्या शाळेत गेली. नाव घालायला तिघंही गेले. मोठी शाळा खरंच मोठी होती, चार मजली, आणि खिडकीपलीकडे बसलेल्या कारकुनाला घाई होती. अर्जावर पालकाच्या फोनसाठी एकच ओळ होती. बायकोने तिच्यात दोन नंबर बसवले, बारीक अक्षरात, एकावर एक.

"एकच लिहायचा," कारकून म्हणाला.

"माणसं दोन आहेत," बायको म्हणाली.

कारकुनाने अर्ज ओढून घेतला. "पुढचे."

"एक मिनिट," टिचकीचा बाबा खिडकीत वाकून म्हणाला. "वर्गात येऊन बसायचं असेल तर कधी यायचं?"

"कुणी?"

"आम्ही."

"कशाला?"

मागे रांग होती. कुणीतरी म्हणालं, चला हो लवकर. बायकोने टिचकीचा हात धरला आणि बाजूला झाली, पण गेली नाही. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत, दोन्ही हात खिडकीच्या कडेवर ठेवून कारकुनाला सांगू लागला की कशाला. सांगायला वेळ लागत होता. कारकून मान हलवत होता, रांग कुरकुरत होती, आणि तो सांगत होता.